चवथीच्या रात्री बाराला चांदणं कुठून आलं?

गोव्यात घडणारी एक हिंदी क्राइम सिरीयल आम्ही घरात सगळे मिळून बघत होतो. एपिसोडच्या मध्यावर एक साक्षीदार येतो, नारळाच्या बागेतला रखवालदार, आणि इन्स्पेक्टरला सांगतो की साहेब, गणेश चतुर्थीची रात्र होती, बारा वाजून गेले होते, पण चांदणं इतकं लख्ख होतं की मला त्याच्या हातातला कोयता स्पष्ट दिसला. झालं! मी आणि माझा भाऊ एकदमच ओरडलो, हाच खुनी! आई स्वयंपाकघरात सोलकढी गाळत होती, तिथूनच म्हणाली, चवथीचा चंद्र नऊ वाजता बुडतो, हा बाराला कुठला घेऊन आला? आता केस सुटली म्हणून आम्ही निवांत बसलो. पुढची पंचवीस मिनिटं आणि दोन जाहिरातींचे ब्रेक आम्ही वाट बघत होतो की इन्स्पेक्टर आता पंचांग काढेल, मग काढेल. त्यानं काढलं नाही. शेवटी खुनी निघाला मयताचा बिझनेस पार्टनर, तो सापडला शर्टाच्या बटणावरून, आणि रखवालदाराला 'तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत' म्हणून शाबासकी मिळाली.

गंमत बघा, चवथीचा चंद्र बघितला की खोटा आळ येतो असं आपल्याकडे सांगतात, कृष्णावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आला तसा. इथं आम्ही टीव्हीवर चवथीचा चंद्र बघितला आणि एका निरपराध माणसावर थेट खुनाचाच आळ घेऊन मोकळे झालो.

आम्हाला हे कसं ठाऊक, तर त्या आळाच्याच भीतीमुळे. माझं बालपण पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठावर गेलं. चवथीच्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधून व्हायची, आरत्या व्हायच्या, आणि अंधार पडला की आजी दम द्यायची, कोणी वर बघायचं नाही. मुलांना वर बघू नका म्हटल्यावर मुलं काय करणार? आम्ही बोटांच्या फटीतून बघायचो. माडांच्या मागं पश्चिमेला बारीक कोर असायची, भाद्रपदाचे ढग फाटले तरच दिसायची, आणि जेवणं उरकून अंगणात यावं तर गायब. मग आजी स्वतःच म्हणायची, बुडलो एकदाचो, आता बघा किती बघायचं ते. सांगायचं काय की शुक्ल चतुर्थीचा चंद्र पावणेनऊ ते सव्वानऊच्या आसपास मावळतो हे मला कुठल्या शाळेनं शिकवलं नाही, पाळायच्या नियमानं आणि तो मोडायच्या हौसेनं शिकवलं. त्याच्या उलट संकष्टीला. उपास सोडायला चंद्र हवा आणि तो साडेआठ-नऊ-साडेनऊशिवाय उगवतच नाही, पावसाळ्यात तर ढगांमुळे घड्याळ बघूनच ताट वाढायचं, आणि भुकेनं जीव चाललेल्या आईला चंद्र आला का चंद्र आला का म्हणून दहादा गॅलरीत जाऊन सांगायची ड्यूटी आमची. ज्या पोरानं हे काम केलंय त्याला कृष्ण चतुर्थीचा चंद्र किती उशिरा येतो हे जन्मभर विसरता येत नाही. आणि सिरीयलमध्ये संकष्टीला साडेसात वाजता पूर्ण गोल चंद्र वर, सासूबाईंच्या हातात ताट!

आता कोणी म्हणेल, सासू-सुनेच्या सिरीयलमध्ये चंद्र कधी उगवला त्यानं काय बिघडतं? काही नाही. मी पण त्याबद्दल भांडत नाही, प्रेमकथेत चंद्र अमावास्येला उगवू दे, हिरोईनला बरं दिसत असेल तर दोन उगवू दे. माझं भांडण रहस्यकथेशी आहे. कारण रहस्यकथा हा एकच प्रकार असा आहे जिथं लेखक प्रेक्षकाला म्हणतो, बघ, सगळं तुझ्या डोळ्यासमोर मांडतोय, नीट लक्ष दे, मी दाखवलंय त्यातूनच उत्तर निघणार आहे. हा डाव आहे. डावात पानं पिसून वाटल्यावर मध्येच कोणी म्हणायला लागलं की अरे ती बदामची राणी चुकून आली, तिच्याकडे बघू नका, तर तुम्ही उठूनच जाल ना? चुकीची माहिती आणि मुद्दाम पेरलेला पुरावा हे दोन्ही पडद्यावर अगदी सारखेच दिसतात. त्यातला कुठला कुठला हे प्रेक्षकानं ओळखायचं कसं? ज्याला काहीच ठाऊक नाही तो आरामात बघतो, आणि ज्याला ठाऊक आहे तोच चुकीच्या माणसाला धरतो. माहिती असल्याची शिक्षा! मला यात नुसती चूक नाही, फसवणूक दिसते.

आणि चंद्राचा पुरावा म्हणजे काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष व्हायच्या आधी वकील होते तेव्हाची १८५८ मधली केस आहे, इलिनॉयमधल्या बिअर्डस्टाउनची. डफ आर्मस्ट्राँग नावाच्या तरुणावर खुनाचा आरोप, आणि साक्षीदार शपथेवर सांगतोय की रात्री अकराच्या सुमारास दीडशे फुटांवरून चांदण्यात मी त्याला मारताना बघितलं. लिंकननी त्याच्याकडून हे पुन्हा पुन्हा वदवून घेतलं आणि मग खून झाला त्या वर्षाचं, १८५७ चं पंचांग, म्हणजे तिकडचं आल्मनॅक, कोर्टापुढे ठेवलं. चंद्र त्या वेळी पार खाली, मावळायच्या बेतात होता. आरोपी सुटला. म्हणजे खऱ्या कोर्टात चंद्र साक्षीला येऊ शकतो, माणसाला फाशीपासून वाचवू शकतो, आणि आमच्याकडे लाखो रुपये खर्चून काढलेल्या एपिसोडमध्ये कोणाला भिंतीवरचं कालनिर्णय बघावंसं वाटत नाही. त्यात संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ छापलेली असते हो, मुंबईची असेल, गोव्यात दोन-चार मिनिटं इकडेतिकडे.

सूर्य समुद्रातून उगवताना दाखवतात त्याबद्दल मी बोलणारच नाही, तो विनोद आता जुना झाला. पणजी रेल्वे स्टेशनवर उतरलेल्या संशयिताबद्दल पण नाही, पणजीत रेल्वे स्टेशनच नाही, करमळीला उतरावं लागतं, आणि १९९० साली घडणाऱ्या गोष्टीत तो मुंबईहून कोकण रेल्वेनं मडगावला आला तर तो कमालच, कारण ही लाइन सलग सुरू झाली जानेवारी १९९८ मध्ये.

पण भरतीबद्दल बोलायलाच हवं. गोव्यातली अर्धी रहस्यं समुद्रकिनाऱ्यावर घडवतात, प्रेत वाळूत, बोट खाडीत, स्मगलर पाण्यात, आणि पाणी मात्र सगळ्या एपिसोडभर एकाच जागी, जणू बादलीत भरून ठेवलंय. दिवसाला दोन भरत्या दोन ओहोट्या, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर, एवढं तर खारवीवाड्यातलं चार वर्षांचं पोर सांगेल. आमच्या गावात याचा एक सोपा हिशोब होता, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, भरती तीनच्या सुमाराला, एक भरती दुपारी, एक पहाटे. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बारा-अकराच्या आसपास. हा अंदाज, घटकाभर पुढेमागे होतो, आणि आमच्या बाजूला थोडं आधीच धरायचं, पण कोणी लबाडी करत असेल तर पकडायला पुरेसा. आता याचा अर्थ असा की पौर्णिमेला संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी असते, आणि तीही उधाणाची ओहोटी, पाणी एरवीपेक्षा लांब जातं. म्हणूनच तर आम्ही पौर्णिमा-अमावास्येला टोपली घेऊन तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जायचो, चिखलात गुडघ्यापर्यंत. आणि सिरीयलमध्ये काय, पौर्णिमेची संध्याकाळ, नारिंगी आकाश, लाटा थेट शॅकच्या पायरीला, आणि खुनी त्या वेळी बारक्या खाडीतून होडी वल्हवत निघून गेला! अरे कुठून गेला? तिथं त्या वेळी होडी नाही, बगळे चालत असतात.

मला राग चुकीचा कमी आणि वाया घालवलेल्या मालाचा जास्त येतो. एवढी सुंदर रहस्यं इथं पडलेली आहेत. आमच्या खाजन शेतांना, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांना, मानस असते, मानस म्हणजे नदी आणि शेताच्या मधल्या बांधातली लाकडी दारं, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं ती आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतात, कोणी हात लावावा लागत नाही. खारं पाणी भातात शिरू नये म्हणून शेकडो वर्षांपूर्वीच्या लोकांनी केलेली व्यवस्था. ओहोटीला दार उघडलं की तिथं जाळं लावून मासळी धरतात. आता विचार करा, कोणी रात्री एक पिशवी खाजनात आतल्या बाजूला टाकली तर ती ओहोटी लागल्याशिवाय बाहेर जाणार नाही, आणि गेली तर जाळ्यात सापडणार, आणि कधी सापडली यावरून ती कधी टाकली त्याचा हिशोब लागणार. मानशीवर जाळं लावणाऱ्या माणसाला डिटेक्टिव्ह करा की! डीएनए रिपोर्ट लागत नाही, लॅबमधला निळा लाइट लागत नाही.

काजूचं पण तेच. टीव्हीवरचा गोंयकार बाराही महिने फेणी नाहीतर हुर्राक पितो. हुर्राक म्हणजे काजूच्या रसाची पहिली धार, ती निघते मार्च ते मे, बोंडं असतात तेवढेच दिवस, टिकत पण नाही. डिसेंबरात ख्रिसमस पार्टीला ताजा हुर्राक पिऊन मेलेला माणूस दाखवलात तर मी विषाची बाटली शोधणार नाही, मी विचारणार हुर्राक आणला कुठून. आणि काजूच्या दिवसात आमच्या लहानपणी प्रत्येकाच्या शर्टावर तपकिरी डाग असायचे, बोंडाचा रस पडला की तो डाग निघत नाही, आईच्या शिव्या खाऊन पण निघत नाही. ओल्या बियांचं तेल हाताला लागलं की बिब्ब्यासारखे फोड येतात, बिया भाजताना ते तेल फस्सकन पेट घेतं. एप्रिल महिन्यात संशयिताच्या बोटांवर फोड आणि शर्टावर डाग, आणि तो म्हणतो मी सहा महिने पणजीच्या ऑफिसबाहेर पडलोच नाही. बघा, अर्धा एपिसोड तयार.

मग येतो बंगला. पोर्तुगीज काळातला बंगला, म्हातारा श्रीमंत मालक, तरुण दुसरी बायको, रागावलेली मुलं, आणि वकील काळी बॅग घेऊन येतो, 'सायबांनी काल रात्री मृत्युपत्र बदललं, सगळं बाईंच्या नावावर'. इथं आमच्या घरात सगळे हसतात. कारण गोव्यातलं अगदी अर्धवट शिकलेलं माणूस पण सांगेल की सगळं कोणाच्याच नावावर करता येत नाही. इथं १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड १८७० पासून लागू होता, १९६१ साली पोर्तुगीज गेले तरी तो राहिला, आणि आता वारशापुरता विधानसभेचा २०१२ चा कायदा आहे जो २०१६ मध्ये लागू झाला, पण मूळ तत्त्व तेच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको मालमत्तेत अर्धे-अर्धे. आणि मुलं असतील तर आपल्या वाट्यातला अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव, काही गंभीर कारणं सोडली तर त्यांना तो नाकारता येत नाही. म्हणजे साधारणपणे रुपयातले आठ आणे बायकोचे आधीपासूनच, चार आणे मुलांचे, आणि म्हाताऱ्याच्या मर्जीचे उरले चार आणे. आता चार आण्यांसाठी खून होत नाहीत असं मी म्हणत नाही, बांधावरच्या एका फणसासाठी होतात, पण मग तुमची गोष्ट त्या चार आण्यांची आहे, ती तशी सांगा.

हे मला लहानपणी कसं कळलं? आमच्या आजोबांची एक भाटाची, म्हणजे माडांच्या बागेची, तुकडी विकायची होती तेव्हा. मुंबईचा काका आला, आणि नुसता काका नाही, काकूपण आली, रजा टाकून, कारण तिची सही हवी. बेळगावहून आत्या आली, आत्याचा नवरा आला, तोही सहीला. आम्हा मुलांना वाटलं लग्न आहे घरात. दोन दिवस मासळीचं जेवण, कागदांच्या फायली, आणि 'इन्व्हेंटरी', म्हणजे वारशाच्या मालमत्तेची यादी करून वाटणी, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि मला वाटलं हा कुठला तरी पाहुणाच अजून यायचा राहिलाय, कारण सगळे म्हणत होते इन्व्हेंटरी झाल्याशिवाय काही होणार नाही. तर टीव्हीवर जेव्हा नवरा एकटाच जाऊन बायकोच्या नकळत गोव्यातलं घर विकून येतो आणि त्यावरून पुढे खून होतो तेव्हा मला काकूची ती रजा आठवते.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की बाई, हे सगळं हौशी लोकांचं खुसपट आहे, मनोरंजन आहे ते, डोकं बाजूला ठेवून बघा. हा मुद्दा मी मान्य केला असता, सापाची गोष्ट नसती तर. टीव्हीवरचा साप चावला की माणूस निळा पडतो, तोंडाला फेस, दोन मिनिटांत खलास. कधी चावणारा साप अजगर असतो ज्याला विषच नसतं, कधी बिचारी धामण. हिरो काय करतो, तर कचकन दोरी बांधतो, चाकूनं काप देतो आणि तोंडानं विष ओढून थुंकतो. आमच्या वाड्यावर एक कामगार रात्री जमिनीवर झोपलेला असताना त्याला मण्यार चावली. मण्यार चावली की पुष्कळदा कळतच नाही, दुखत नाही, सूज नाही, पोटात दुखायला लागतं आणि पापण्या जड होऊन मिटायला लागतात. निळंबिळं काही नाही. त्यामुळे पहिला तास सगळे म्हणत होते साप नसणार, साप चावला असता तर एव्हाना गेला असता. हा 'एव्हाना' कुठून आला? सिनेमा-टीव्हीतून. मग शंका आली तेव्हा कोणीतरी पिक्चरमध्ये बघितलेलं आठवून पायाला सुंभ आवळला, इतका की पाय काळानिळा. तो वाचला, पण वाचला तो इंजेक्शनमुळे आणि श्वासाच्या मशीनमुळे, सुंभामुळे नाही, आणि तो पाय पुढे कित्येक आठवडे त्याला त्रास देत होता. भारतात साप चावून वर्षाला सरासरी ५८,००० माणसं मरतात असा अंदाज २०२० मध्ये छापून आला होता, २००० ते २०१९ या वर्षांच्या अभ्यासावरून. दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका, अवयव हलू देऊ नका, सरळ हॉस्पिटल गाठा, एवढीच वाक्यं आहेत, डायलॉगमध्ये सहज बसतील. मनोरंजन आहे म्हणून चूक माफ करायची असेल तर मग त्याच चॅनलवाल्यांनी आम्ही लोकजागृती करतो, सत्य घटनांवर आधारित आहे, सावध राहा वगैरे छाती काढून सांगणं बंद करावं. दोन्ही एकदम कसं चालेल?

आता माझ्याच बाजूची एक फट मला दाखवायला हवी, नाहीतर कोणीतरी दाखवेलच. लहानपणीचं ज्ञान म्हणजे खरंच असतं असं नाही. नाग दूध पितो हे पण मला लहानपणीच सांगितलं होतं, नाग डूख धरतो हेही, आणि तेही त्याच आजीनं जिनं चंद्र शिकवला. कॉलेजात असताना एका सिरीयलमध्ये सकाळच्या उन्हात, निळ्या आभाळात चंद्र दिसला तेव्हा मी फिदीफिदी हसले होते, दिवसा चंद्र! बाबा काही बोलले नाहीत. चार-पाच दिवसांनी सकाळी आठ वाजता मला अंगणात बोलावलं आणि बोट वर केलं. वद्य अष्टमी होती, डोक्यावरून जरा पश्चिमेला, अर्धा पांढरा चंद्र, चुन्याच्या डागासारखा. जन्मभर तो तिथंच होता, मी सकाळी कधी वर बघितलंच नव्हतं. तेव्हापासून मी दोन खिसे केलेत डोक्यात, स्वतः बघितलेलं एका खिशात आणि ऐकलेलं दुसऱ्या. सिरीयलवर तोंड सोडायचं ते पहिल्या खिशातून. नाग दूध पितो हे कोणीच बघितलेलं नाही, सगळ्यांनी वाटी बघितली आहे. आणि जे मला ठाऊक असायचं कारणच नाही, म्हणजे क्लोरोफॉर्मच्या रुमालानं माणूस तीन सेकंदांत पडतो का वगैरे, ते डॉक्टरांनी भांडावं, माझा तिथं आवाज नाही.

पण आम्ही गोंयकार भांडतो कशावरून ते बघा. कुठल्या सिनेमात गोव्यात ड्रग्ज दाखवले, गोव्याची बाई वाईट दाखवली, की लगेच पुढाऱ्यांची स्टेटमेंटं, गोव्याची बदनामी, बंदी घाला, माफी मागा. ते सगळं इमेजचं भांडण. आणि खरं सांगायचं तर ड्रग्ज इथं नाहीत असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? म्हणजे जिथं ते थोडेफार खरं बोलतात तिथं आम्ही चिडतो आणि जिथं धडधडीत खोटं बोलतात तिथं आम्हाला ऐकूच येत नाही. पडद्यावर प्रत्येक गोंयकार ख्रिश्चन, प्रत्येक जण 'क्या मॅन' करत बोलणारा, आणि २०११ च्या जनगणनेत इथले ख्रिश्चन २५ टक्के आणि हिंदू ६६ टक्के. आमच्या घरातली चवथ, संकष्ट, तिथीचा हिशोब हे त्यांच्या गोव्यात नाहीच मुळी, म्हणून तर चवथीला चांदणं पडतं. माझ्या मते बदनामीपेक्षा हे जास्त लागायला हवं. बदनामीला तुमचं नाव तरी लागतं, इथं तर तुम्ही अस्तित्वातच नाही.

बंदी वगैरेच्या मी पूर्ण विरोधात आहे, आधीच सांगते. गोव्यात शूटिंगची परवानगी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा देते, २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव इथं भरतो, म्हणजे सिनेमावाल्यांची ये-जा आहे, यंत्रणा आहे. कोणीतरी लगेच सुचवेल की परवानगी देतानाच स्क्रिप्ट तपासा. नको. स्क्रिप्ट तपासायला एकदा सरकारी माणूस बसला की तो भरती-ओहोटी तपासणार नाही, तो शिव्या आणि पुढाऱ्यांवरचे जोक तपासणार. मला हवंय ते फार स्वस्त आहे. प्रॉडक्शनवाले इथं येतात तेव्हा लोकल माणसं घेतातच, गाड्यांना ड्रायव्हर, जेवणाला कॅटरर, गर्दीला ज्युनिअर आर्टिस्ट. त्यातच एक दिवस एक माणूस स्क्रिप्ट ऐकायला घ्या. प्रोफेसर नको. मासे विकणारी एखादी आजी, नाहीतर सबरजिस्ट्रारच्या बाहेर बसणारा कागद लिहिणारा, नाहीतर भट्टी लावणारा. त्यांना गोष्ट तोंडी सांगा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. जिथं ते हसतील तिथं पेन्सिलनं खूण करा. दिवसाची मजुरी आणि दुपारचं शीत-कडी एवढाच खर्च, ड्रोनच्या एका शॉटला याहून जास्त जातात. मराठी सिरीयलवाल्यांना तर तेवढंही करावं लागू नये, त्यांच्या स्वतःच्या आया संकष्टी करत असतील, फोन करून विचारलं तरी पुरे. पण विचारत नाहीत, कारण आईला जे ठाऊक आहे ते ज्ञान असतं असं आपल्याला वाटतच नाही, ज्ञान म्हणजे लॅब, पांढरा कोट आणि कॉम्प्युटरवर फिरणारं हिरवं जाळं.

आणि हे फक्त गावात वाढलेल्या आमच्या पिढीचं कौतुक आहे असं कोणी समजू नये. माझा भाचा पर्वरीला फ्लॅटमध्ये वाढलाय, बारा वर्षांचा, त्याला तिथी विचारा तर तो पिझ्झाचं टॉपिंग सांगेल. गेल्या रविवारी तो आमच्याकडे होता आणि तसलाच एक एपिसोड चालू होता. बेपत्ता मुलीचा फोन तीन दिवस स्विच ऑफ आहे असं सगळे पोलीस सांगत होते, आणि तिची मैत्रीण रडत रडत तिला पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज दाखवत होती, कुठे आहेस, घरी ये. मी नेहमीप्रमाणे खिडकीतून दिसणाऱ्या चंद्राकडे बघत होते. भाच्यानं रिमोट ओढून घेतला, पॉज केलं, उठून टीव्हीला नाक लावलं.

"आते, दोन टिक आहेत."

"मग?"

"फोन बंद असेल तर एकच टिक येते ना. दोन आल्या म्हणजे मेसेज पोचला. फोन चालूच आहे आणि ही खोटं बोलतेय नाहीतर पोलीस."

मी त्याला म्हटलं, थांब, घाई करू नको, ही चूक पण असू शकते. त्यानं माझ्याकडे असं बघितलं जसं आम्ही आजीकडे बघायचो. मग प्ले केलं. इन्स्पेक्टर अजून नकाशावर तिचं शेवटचं लोकेशन शोधत होते.